हरेश्वरमामाच्या गोणीतली चाके

हरेश्वरमामाला फुटलेल्या नळासाठी बोलावले, तरी तो आधी नळाकडे जात नसे. तो जाई इमारतीच्या मुख्य व्हॉल्व्हकडे. व्हॉल्व्ह बंद करायचा, वरचा नट सोडवायचा, लोखंडी चाक काढायचे आणि आपल्या गोणपाटाच्या पिशवीत टाकायचे. काम मनासारखे होईपर्यंत ते चाक त्याच्यापाशीच राही. तो संध्याकाळी पालघरजवळच्या माहीमला घरी गेला, तर चाकही माहीमला जाई. मनोर, पालघर, बोईसर इथल्या कितीतरी इमारतींची चाके एकाच वेळी त्या पिशवीत असत. त्याची स्कूटर वळणावर आली की आधी तो खुळखुळाट ऐकू यायचा आणि बायका एकमेकींना सांगायच्या, चाकवाला आला, भांडी भरून घ्या.

माझी त्याची पहिली भेट भांडणातच झाली. मी मूळचा साताऱ्याकडचा. तारापूरच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, पुढे पाइप-नळांचे दुकान टाकले आणि मनोरला नदीकाठी तीन मजली इमारत उभी केली. जमीन नदीकाठची म्हणून स्वस्त पडली. कंत्राटदारालाही मी इतके पिळले, की संडासाचा शोषखड्डा लांब नेण्याऐवजी त्याने तो जमिनीखालच्या पिण्याच्या टाकीला लागूनच खणला आणि वाचलेल्या जागेत मला एक गाळा काढून दिला. हे मी तेव्हा अभिमानाने सांगत असे. भाव करण्यात आयुष्य गेले. समोरचा माणूस काहीही बोलला तरी हा खरा आकडा नव्हे, असेच मी धरून चालतो.

तर त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर पाइप फुटला होता, जिन्यावरून पाण्याची धार लागली होती आणि हा माणूस खाली व्हॉल्व्हपाशी उकिडवा बसून नट सोडवत होता. मी ओरडलो. त्याने मान वर केली नाही. "पडतंय ते पडू दे, शेट. येतंय कुठून ते आधी बघू." मग त्याने मजुरी सांगितली. मी सवयीने निम्म्यावर आलो. तो रागावला नाही, निघूनही गेला नाही. जिन्याच्या कोरड्या पायरीवर बसून त्याने विडी पेटवली. चाक पिशवीत, पिशवी मांडीवर. वरून भाडेकरू माझ्या नावाने ओरडत होते. विडी संपायच्या आत मी कबूल झालो. गप्प बसणाऱ्या माणसाशी घासाघीस कशी करायची, हे मला कोणी शिकवले नव्हते.

तो कोळ्याच्या घरातला. भाऊ अजून होडीवर जात, हा तेवढा पाइपांकडे वळला. पण होडीवरच्या सवयी सुटल्या नव्हत्या. तारीख विचारली तर त्याला सांगता येत नसे, तिथी मात्र तोंडावर असायची. "दशमीला येतो," असे तो फोनवर सांगे आणि बोईसरच्या चाळींतले परप्रांतीय कामगार गोंधळून जात. कोणी घाबरून फोन केला, चाचा, जल्दी आओ, छत से पानी गिर रहा है, की हा शांतपणे म्हणे, "आता है. पहले मेन बंद कर. और पानी का वास ले." वास घेणे ही त्याची दुसरी खोड. पाणी कुठलेही असो, ओंजळीत घेऊन नाकाशी न्यायचा आणि घरच्या बाईला विचारायचा, "सकाळचा पहिला तांब्या भरल्यावर वास घेता काय?" ती नाही म्हणाली की मान हलवायचा, जणू तिने दार सताड उघडे टाकून बाजाराला गेल्याचे कबूल केले होते.

सहा वर्षांपूर्वीचा भाद्रपद होता. पाऊस आठवडाभर नव्हता, तरी आमच्या पंपाच्या खड्ड्यात पाणी साचले. उपसले की पुन्हा भरे. पंप जळेल म्हणून मी मामाला तातडीने बोलावून घेतले. दुसऱ्या मजल्यावर वर्षा नावाची भाडेकरीण होती. जळगावकडची पोर, नवरा कारखान्यात फिटर, पोटात पाचवा महिना. ती दोन दिवस माझ्या बायकोला सांगत होती, की पाण्याला कसलासा वास येतो. मी ते हसण्यावारी नेले होते. दिवस गेलेल्या बाईला सगळ्याचाच वास येतो, असे मी तिच्यादेखतच म्हणालो होतो.

मामाने खड्ड्यातले पाणी ओंजळीत घेतले, नाकाशी नेले. मग टाकीचे झाकण उघडून तिथले घेतले. या वेळी त्याने पाणी टाकून दिल्यावरही हात बराच वेळ अंगापासून लांब धरला. मग व्हॉल्व्ह बंद करून चाक काढले.

"आज त्रयोदशी. अमावास्या होऊन दोन दिवस जाऊ देत," तो म्हणाला. "मग टाकी उपसून बघतो. तोवर टँकर मागवा, थेट वरच्या टाकीत सोडा. खालचं पाणी कोणाला देऊ नका. दिलंच तर उकळून."

ती अमावास्या सर्वपित्रीची होती. तीन घरांत पाने वाढायची होती, पाहुणे येणार होते. मी म्हणालो, दोन दिवसांत कर. तो म्हणाला, अमावास्या होऊन दोन. मी म्हणालो, बरे, अमावास्येच्या दिवशी तरी ये. त्याने पुन्हा तेच सांगितले. मला वाटले, हा माणूस अडलेला दिवस बघून भाव वाढवतो आहे. त्यात अमावास्येचे नाव घेतल्यावर माझे डोकेच फिरले. नळाच्या कामाला अमावास्या आडवी येते, हे मी कधी ऐकले नव्हते. अंधश्रद्धाळू, अडवणूक करणारा, असे बरेच काही मी त्याला बोललो. त्याने पिशवी खांद्याला लावली. "घाई हाय तर दुसऱ्याला बोलवा, शेट. पण चाक नाय देणार." तो निघून गेला.

टँकर मी मागवला नाही. सर्वपित्रीच्या सकाळी दुकानातला मोठा पाना आणला, चाक नसलेल्या व्हॉल्व्हच्या उघड्या दांड्याला लावला आणि सगळा जोर देऊन फिरवला. लोखंड करकरले, दांड्यावर पान्याचे दात उमटले, आणि वर नळांना पाणी आले. जिन्यातून लोकांनी मला हाक मारून सांगितले, शेट, आले आले. पहिल्या मजल्यावरून खिरीची वाटी आली. मी ती पंपाजवळच उभा राहून खाल्ली. मामाला कसे हरवले, हे दुकानात पुढे दोन दिवस सांगत होतो.

अमावास्या होऊन दोन दिवसांनी मामा आला. व्हॉल्व्हच्या दांड्यावरचे दात त्याने बोटाने चाचपले. टाकी उपसली, आतली भेग सिमेंटने भरली, चुना टाकून टाकी धुतली. नंतर प्रत्येक दारात जाऊन विचारले, किती दिवस प्यायलात. वर्षाच्या दारात तो जास्त वेळ थांबला. खाली आल्यावर मला एवढेच म्हणाला, "महिनाभर लक्ष ठेवा. डोळे बघत जा."

पंधरा दिवस काही झाले नाही. माझा राग निवत आला होता आणि मामा उगाच भिववत होता, असे मला पक्के वाटू लागले होते. विसाव्या दिवसाच्या सुमारास पहिल्या मजल्यावरच्या मुलाने जेवण टाकले. मग त्याच्या बहिणीने. मग वर्षा जिन्यात भिंतीला धरून उभी दिसली. मी सहज तिच्या डोळ्यांकडे बघितले. ते पिवळे होते.

मुले दीड महिन्यात उठून खेळू लागली. वर्षाला पालघरला नेले, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात. गरोदर बाईला ही कावीळ फार वाईट, असे डॉक्टर म्हणाले. ती वाचली. मूल गेले. ती परत आली तेव्हा नवऱ्याने सामान टेम्पोत भरून ठेवले होते. दोघे उमरोळीला राहायला गेली. जाताना तिने किल्ली माझ्या हातात दिली नाही, बायकोच्या हातात दिली.

माझ्या घरात कोणालाही काही झाले नव्हते. त्याचे कारण मला तेव्हा कळले. "मी उकळून देत होते," बायको म्हणाली. "मामा बोलले होते ना." मग बाकीच्यांना का नाही सांगितलेस, असे मी तिच्यावर ओरडलो. ती भांडी लावत होती, तिने मागे बघितले नाही. "तुम्ही पाना घेऊन उभे होतात. कोणाला सांगणार होते?"

मी तसाच स्कूटर काढून माहीमला गेलो. मामा अंगणात जाळे निवडत भावाशेजारी बसला होता. मी उभ्यानेच त्याला विचारले, की साफ शब्दांत का सांगितले नाहीस. अमावास्या काय, दोन दिवस काय. त्याने मला बसायला सांगितले आणि लहान मुलाला सांगावे तसे सांगितले. अमावास्येला समुद्राला उधाण येते. खाडीचे पाणी नदीतून थेट मनोरच्या पुलापर्यंत चढते. काठची जमीन खालून भरते आणि शोषखड्ड्यातली घाण जागा मिळेल तिकडे सरकते. माझ्या टाकीला भेग होती आणि खड्डा शेजारीच होता. उधाण उतरायला दोन दिवस लागतात.

"हे त्या दिवशी बोलायला काय झालं होतं?" मी म्हणालो.

"मी दिवस सांगत होतो," तो म्हणाला. "तुमी भाव करत होता."

निघताना मी माझे चाक मागितले. त्याने जाळ्यातून डोके वर काढले. "तुमाला चाक कशाला? तुमच्याकडे पाना हाय."

त्याने चाक दिले नाही. शोषखड्डा मी गाळा पाडून दुसऱ्या टोकाला नेला, ते सगळे काम त्यानेच उन्हात उभे राहून करून घेतले, पण चाक दिले नाही. मी पुन्हा मागितले नाही आणि नवेही बसवले नाही. माझ्याच दुकानात टोपलीभर चाके पडलेली असतात. मला माझे हवे होते. सहा वर्षे मी माझ्या इमारतीचा व्हॉल्व्ह पान्याने फिरवतो आणि येणारा-जाणारा ते बघतो. चूक माझी होती, हे मी कबूल करतो. पण एका माणसाने दुसऱ्याला इतकी वर्षे असे उघड्यावर ठेवावे, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मामा मागच्या पौषात गेला. बसल्या जागी, काही त्रास न होता. तेराव्याला गेलो तर ओटीवर ती गोणी उपडी केलेली होती आणि गावोगावचे लोक आपापले चाक शोधत होते. प्रत्येक चाकाला चिंधी बांधलेली, चिंधीवर इमारतीचे नाव. माझ्या इमारतीचे नाव कुठेच नव्हते. एकाला मात्र चिंधी नव्हती. लाल रंग उडालेला, एक आरा मोडलेला. मामाचा भाऊ म्हणाला, हे कोणाचे ते त्याने कधी सांगितले नाही, पण रोज गोणी भरताना हे आधी टाकायचा. मी ते उचलून घेतले. भावाने एकदा माझ्याकडे बघितले.

आता पुन्हा भाद्रपद आहे. माझ्या भिंतीपलीकडे पाच मजली इमारत उभी राहिली आहे आणि तिचा शोषखड्डा माझ्या टाकीच्या बाजूला आला आहे. मालकाला हटकले, तर म्हणतो, चार फूट आहे ना मध्ये, शेट, कशाला घाबरता. हे वाक्य कुठून येते ते मला ठाऊक आहे. काल पहिला तांब्या भरला आणि वास घेतला. मग मामाच्या गोणीतले ते चाक बसवून व्हॉल्व्ह बंद केला, चाक काढून घेतले, टँकरला फोन केला आणि प्रत्येक दारात जाऊन सांगितले, की उधाण उतरेपर्यंत, म्हणजे पाच दिवस, खालचे पाणी मिळणार नाही. का, तेही सांगितले. सगळे सांगितले.

आज सकाळी टँकर आला नाही. तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू खाली आला. भला माणूस आहे, घरी म्हातारे आईवडील आणि पाळण्यात मूल. त्याने सगळे ऐकून घेतले, मान डोलवली, आणि हसून म्हणाला, "शेट, पाच दिवस म्हणजे फारच झाले. दोन करा."

मी नाही म्हणालो. तो अजून हसत होता. बोलताना त्याची नजर व्हॉल्व्हच्या उघड्या दांड्याकडे गेली, जिथे माझ्या पान्याचे दात अजून स्पष्ट दिसतात.

मी घरातून खुर्ची आणून व्हॉल्व्हपाशी टाकली आहे. चाक मांडीवर आहे. दुपारी भरती आहे.