धाकट्याच्या चित्राला रफू

दादाच्या रफूची ख्याती अशी, की कोट न्यायला आलेलं गिऱ्हाईक हमखास भांडायचं. "अहो, हा माझा नव्हेच! माझ्या कोटाला कोपराला भोक होतं." मग दादा कोट उलटा करून आतून जागा दाखवायचा आणि गिऱ्हाईक ओशाळं हसायचं. दादाच्या आयुष्यातली चैन म्हणाल तर एवढीच. बाजारातला दोरा त्याने कधी वापरला नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे उपसायचे आणि एक खाली, एक वर करत त्याच्याच विणीत घालायचे. "कपड्याचं दुखणं कपड्यानेच बरं होतं," म्हणायचा.

आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला दादानेच वाढवलं. आणि धाकटा निघाला चित्रकार! तोही झाडं, डोंगर, देखणी माणसं काढणारा नव्हे. नुसते रंगाचे पट्टे आणि डाग. गल्लीत दादाची सोय राहिली नाही. शेजारचा न्हावी तर रोज तोंड सोडायचा, "तुझ्या भावाने रंग सांडला की चित्र होतं, आमच्या पोराने सांडला की पाठीत धपाटा!" दादा खाली मान घालून सुई ओवायचा. कुणी विचारलंच तर सांगायचा, "भाऊ ना? पाट्या रंगवतो." स्वतःच्या भावाची लाज वाटायची त्याला. खोटं कशाला बोला?

पहिल्या प्रदर्शनाला मात्र दादा गेला होता. इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून. दारातूनच आतली चकचकीत फरशी दिसली, तिच्यावर तितकेच चकचकीत बूट दिसले. दारातल्या मुलीने विचारलं, "काय पोचवायला आलात?" दादा म्हणाला, "काही नाही, पत्ता चुकला," आणि आल्या पावली परत फिरला.

संध्याकाळी धाकटा धावत घरी आला. "दादा, आला होतास?"

"आलो होतो तर! छान होतं. गर्दी होती, म्हणून भेटलो नाही."

धाकट्याचं तोंड असं फुललं, की ते खोटं परत घेणं दादाच्या जिवावर आलं. एकदा थाप मारली की ती पोसावी लागते, दुसरं काय! पुढच्या प्रदर्शनाला तीच थाप, त्याच्या पुढच्यालाही तीच. धाकट्याचं नाव झालं, परदेशातून लोक त्याची चित्रं बघायला येऊ लागले, तसं दादाला जाणं आणखीच अवघड झालं. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल इतकी वर्षं 'छान, छान' म्हटल्यावर आता कुठल्या तोंडाने जायचं? वहिनी, म्हणजे दादाची बायको, चिडायची. "अहो, नीट थाप मारता यावी म्हणून तरी एकदा जाऊन या!"

वर्तमानपत्रातले फोटो मात्र दादाने दुकानात चिकटवले होते. गेल्या काही वर्षांतल्या प्रत्येक फोटोत चित्राच्या मधोमध एक काळी रेघ असायची. गिऱ्हाइकाने विचारलं तर दादा ऐटीत सांगायचा, "ती त्याची रेघ. सहीच समजा." आता तोही ऐट करू लागला होता, न्हाव्याचं तोंड बंद झालं होतं ना!

अशात एक दिवस धाकट्याचा फोन आला. तो चित्रं ठेवतो त्या खोलीचं छत गळत होतं. "एक मोठं चित्र आहे दादा, प्रदर्शनापर्यंत तुझ्याकडे ठेव. गाडीवाला आणून देईल, तोच नंतर घेऊन जाईल." दादाला केवढा आनंद! इतक्या वर्षांत भावाने पहिल्यांदा काही मागितलं होतं. गाडीवाला आत आणून देतो म्हणत होता, पण दादाने त्याला वाटेला लावलं. "माझ्या भावाचं आहे, मी नेतो." आणि माणसापेक्षा उंच असलेलं ते धूड, चादरीत गुंडाळलेलं, एकट्याने ओढत ओढत आत नेलं. दाराशी कपडे टांगायचा लोखंडी हूक होता. तिथे ते अडकलं, दादाने जोर लावला, सुटलं.

आत नेऊन चादर काढली. मातकट तांबूस रंगाच्या मधोमध वीतभर कापड उभं फाटलेलं. कडा आत वळलेल्या.

बोटं सांगत होती, की हे फाटलेलं नाही, कापलेलं आहे. फाटलं की धागे लोंबतात, इथे कड साफ होती. पण घाबरलेल्या माणसाला बोटांचं ऐकायला फुरसत कुठे! जन्मात एकदा भावाने भरवशाने वस्तू दिली आणि आपण ती दारातच फाडली, एवढंच त्याच्या डोक्यात घणघणत होतं.

दादाने दुकान बंद केलं. चित्राच्या मागे, लाकडी चौकटीवर दुमडलेल्या कापडातून धागे उपसले. त्यांना रंगाचे ओघळ लागलेलेच होते, त्यामुळे रंगही जुळला. जेवणाची शुद्ध नाही, पाण्याची नाही. वहिनीने डोकावून पाहिलं, काय झालं ते ऐकलं आणि म्हणाली, "सांगून टाका ना भाऊजींना." दादा तिच्यावरच खेकसला. रफू पुरा झाला तेव्हा चित्र असं दिसत होतं, की त्याला कधी ओरखडासुद्धा आला नसेल. एवढं सुबक काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

या खेपेला धाकटा ऐकेना. "दादा, वहिनी, या वेळी माझ्याबरोबर उभं राहायचं." प्रदर्शनाच्या दिवशी दारातली मुलगी उठून उभी राहिली, दादा चकचकीत फरशीवर आला आणि त्याने भिंतींकडे पाहिलं.

प्रत्येक चित्र मधोमध चिरलेलं होतं. एकूण एक! फोटोतल्या त्या काळ्या रेघा रेघा नव्हत्याच, उघड्या चिरा होत्या. आतला अंधार दिसत होता. लोक त्या चिरांसमोरच थांबत होते, हळू आवाजात बोलत होते.

तेवढ्यात पलीकडे आरडाओरडा झाला. गॅलरीच्या बाईंनी गाडीवाल्याला भिंतीशी धरलं होतं. "हे चित्र ते नाहीच! बदललंस तू. खरं कुठे आहे? बोलावू पोलिसांना?" गाडीवाला पांढराफटक पडला होता. "बाई, शपथ, जसं मिळालं तसं आणलं!" धाकटा चित्राजवळ गेला, रंगावरून हात फिरवला. "रंग माझेच आहेत," तो गोंधळून म्हणाला. "मग चीर कुठे गेली?"

वहिनीने दादाकडे पाहिलं. गप्प बसावं तर एक गरीब माणूस फुकट चोर ठरणार. तोंड उघडावं तर रफूच नव्हे, आजवरच्या सगळ्या थापा इतक्या लोकांत उसवणार. धरणीने पोटात घ्यावं असं झालं दादाला.

"सोडा त्याला," तो कसाबसा म्हणाला. "मी रफू केलाय."

कुणीतरी फिसकन हसलं. धाकटाही हसला. "दादा, थट्टा कसली करतोस!"

"थट्टा नाही रे. माझ्या हातून फाटलं असं वाटलं मला. दारातल्या हुकाला लागून."

"फाटलं? अरे, दहा वर्षं मी हेच तर करतोय. तू दरवेळी..." धाकटा बोलता बोलता थांबला. त्याचं हसू हळूहळू विरलं. त्याने आवाज अगदी खाली आणला. "दादा, तू एकदाही आला नाहीस?"

"एकदाही नाही," दादा म्हणाला.

"लोक काय लिहितात ते मी कधी वाचत नाही," धाकटा म्हणाला. "तू छान म्हणालास की मी पुढचं चित्र करायला घ्यायचो."

त्यापेक्षा त्याने थोबाडीत मारली असती तर दादाला बरं वाटलं असतं. कारण इतकी वर्षं तो दारातल्या मुलीला, बुटांना, न्हाव्याला दोष देत आला होता, आणि यातलं कुणीही त्याला आडवं आलं नव्हतं. जगातल्या कुणीही चार पावलं चालून पाहिली असती अशी गोष्ट फक्त सख्ख्या भावाने पाहिली नव्हती.

धाकट्याने गाडीवाल्याची माफी मागितली, बाईंकडून पातं मागवलं. चित्रासमोर उभा राहून त्याने पुन्हा बोटांनी चाचपलं. वर पाहिलं, खाली पाहिलं. जागा सापडेना.

"कुठून होती, दादा?"

दादा पुढे झाला, कापडावर बोट टेकवलं. "इथून." मग बोट सरळ खाली नेलं. "इथपर्यंत."

धाकट्याने एका दमात पातं ओढलं. धागे करकरत तुटले. दादाला मागून लोकांचे श्वास ऐकू आले, फरशीवर पडलेले रंगीत तंतू दिसले.

"झालं," धाकटा म्हणाला. "आता तरी बघ ना, दादा."

दादाला मान वर करवेना.