कूलरच्या पानावरच्या जाहिराती

रुपराव बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांची बायको सुभद्रा गेली आणि नागपूरच्या प्रताप नगरातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत ते एकटे उरले. मुलगी दामिनी बंगळुरूला नोकरीला. दर रविवारी तिचा फोन यायचा. बापलेकीला बोलायला विषय सापडत नसे, म्हणून ती आपल्या घरातली कुठलीतरी बिघडलेली वस्तू काढायची आणि ती कशी दुरुस्त करायची ते रुपराव तासभर सांगत बसायचे. एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, हे मले एकटीलेच काहून सांगता? लिहून ठेवा नं." आणि तिनेच त्यांना ब्लॉग उघडून दिला.

त्यांनी कूलरवर लिहायला घेतलं. नागपुरात मार्च सरता सरता घरोघरी खिडक्यांना कूलर लागतात आणि मागच्या वर्षी चांगला चाललेला पंप नेमका त्याच दिवशी रुसतो. पाणी एकाच बाजूने का पडतं, कूलरच्या जाळीतल्या गवताला कुबट वास का येतो, पंखा नुसता गुरगुरतो तेव्हा आधी काय तपासायचं, असं एकेक. प्रत्येक लेखाचं पहिलं वाक्य ठरलेलं: आधी प्लग काढा. दुसऱ्याच उन्हाळ्यात दिवसाला चारशे-पाचशे माणसं येऊ लागली. रुपराव सकाळी उठल्याबरोबर आकडा पाहत. पण रस्त्यात कोणी पत्ता विचारावा आणि पुढे निघून जावं, तशी ही माणसं. आपला पंप सुरू झाला की गेली. थांबून दोन शब्द बोलणारं कोणी नव्हतं.

एक गोपाळराव सोडून. ते कन्हानचे. कोळशाच्या खाणीत पाणी उपसायचे पंप चालवण्यात त्यांची सगळी हयात गेली होती. कुठलाही लेख टाकला की दुसऱ्या दिवशी त्याखाली त्यांचे चार शब्द हजर. "रुपरावजी, पंप जाम झाला का आमीबी पहिले जाळीच पाहो. तुमचं बरोबर हाय." रुपराव त्याला उत्तर लिहीत. लेखापेक्षा उत्तराला जास्त वेळ लागे.

त्या वर्षी घरमालकाने भाडं वाढवलं. पेन्शन तुटपुंजी, आणि लेकीपुढे हात पसरायचा तर जिवावर यायचं. ब्लॉगवर जाहिराती लावून पैसे मिळतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. एका जाहिरात कंपनीचा अर्ज त्यांनी भरला, तिने दिलेल्या कोडच्या ओळी सांगितल्या जागी चिकटवल्या आणि वाट पाहत बसले. पंधरा दिवसांनी मंजुरी आली. सकाळी पान उघडलं तर 'कूलर दहा वर्षं कसा टिकवावा' या लेखाच्या मधोमध एसीची जाहिरात. रुपराव मोठ्याने हसले, आणि सवयीने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं.

गोपाळरावांनीही विचारलंच. "हे मधात मधात काय येऊन राहिलं?"

"जाहिराती आहेत," रुपरावांनी लिहिलं. "कोणी त्यावर बोट लावलं का मले दोन पैसे भेटतात."

"असं होय? मंग चांगलंच हाय."

मे महिन्यात कमाई रुपरावांना वाटलं होतं त्याहून पुष्कळ भरभर वाढली. ठरावीक रक्कम साठल्याशिवाय कंपनी पैसे देत नसे, पण महिनाअखेर तिथवर पोचायला हातभरच अंतर उरलं. त्यांनी घरमालकाला भाड्याची तारीख बिनधास्त देऊन टाकली.

आणि एका सकाळी कंपनीचं पत्र आलं. इंग्रजी पत्र त्यांनी तीनदा वाचलं. तुमच्या पानावरच्या जाहिराती कोणीतरी मुद्दाम, पुन्हा पुन्हा दाबल्या आहेत. म्हणून खातं बंद करत आहोत. जमा झालेले पैसे मिळणार नाहीत. काही सांगायचं असल्यास सोबतचा फॉर्म भरावा.

एकतीस वर्षांत गिरणीतून वीतभर वायरसुद्धा त्यांनी घरी आणली नव्हती. आणि आता हे. पैसे गेले ते गेले, पण आपल्याला कोणीतरी लबाड म्हटलं हे त्यांना गिळवेना. सांगायचं तरी कोणाला? रविवारी दामिनीने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सगळं ठीक आहे. तुया गीझर कसा आहे?"

मंगळवारी मात्र त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि कन्हानची बस धरली. "या कधी, स्टेशनच्या मागं कोणालेही विचारा," असं गोपाळरावांनी एकदा लिहिलं होतं.

गोपाळराव निघाले ठेंगणे, पंपाच्या आवाजाने एका कानाने बहिरे. मुलगा छत्तीसगडमध्ये, घरात दुसरं कोणी नाही. रुपरावांचं नाव ऐकताच त्यांनी हात धरून त्यांना कूलरसमोर बसवलं आणि स्वतः चहा केला. मग खिशातून फोन काढला.

"तुमीच म्हटलं होतं नं, बोट लावलं का तुमाले पैसे भेटतात म्हणून? मी रोज सकाळी चहा झाला का बसतो. तुमचे सारे लेख एकेक उघडतो, अन् दिसन ती जाहिरात दाबतो. चाळीस-पन्नास तं होऊनच जातात. एक दिवस चुकवला नाही. ताप होता तवाबी नाही."

रुपरावांनी कप खाली ठेवला. त्यांना काय वाटलं ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. राग आला होता, पण समोर तो म्हातारा शाबासकीची वाट पाहत बसला होता.

"पण सात-आठ दिवस झाले, जाहिराती दिसूनच नाही राहिल्या. काहून जी?"

"काढल्या मी," रुपराव म्हणाले. "लोकांले वाचाले अडचण होऊन राहिली होती."

"काढल्या?" गोपाळरावांनी फोन उताणा मांडीवर ठेवला. "मंग आता सकाळी मी काय करू?"

ऊन उतरेपर्यंत दोघं खाणीतल्या पंपांविषयी बोलले. बसपर्यंत सोडायला गोपाळराव आले आणि बस हलली तरी उभेच राहिले.

दुसऱ्या दिवशी रुपरावांनी तो फॉर्म उघडला. हे कोणी केलं असावं असं तुम्हाला वाटतं, असा एक रकाना होता. त्यांनी गोपाळरावांचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. म्हातारा माणूस आहे, त्याला नियम ठाऊक नव्हता, असंही लिहिलं. कदाचित कंपनीला पटलंही असतं. पण बोट लावायचं त्याला सांगितलं कोणी, हे लिहायची वेळ आली तेव्हा ते थांबले. आणि खातं परत मिळालं, तर कन्हानला काय कळवायचं? तुमच्या प्रेमाने माझं नुकसान झालं, आता माझ्या पानावर येऊ नका? त्यांनी सगळं पुसलं आणि 'माहीत नाही' एवढंच लिहून फॉर्म पाठवला. आठवड्याने दोन ओळींचा नकार आला.

भाड्यासाठी मग त्यांनी जळालेल्या मोटारींची तार पुन्हा गुंडाळून देणाऱ्या एका दुकानात दुपारचं काम धरलं. पावसाळा लागला, कूलर झाकले गेले, ब्लॉगवर येणारी माणसं आटली. जुलैत गोपाळरावांची टिप्पणी आली. "सद्या मले काही काम नाही. काही असन तं सांगा."

रुपरावांनी दोन दिवस विचार केला. मग कूलर ठेवून देण्याआधी टाकी कशी वाळवायची, यावरचा नवा लेख त्यांनी आधी कन्हानला, गोपाळरावांच्या फोनवर पाठवला. सोबत लिहिलं, 'ब्लॉगवर टाकायच्या आधी तुम्ही चुका पाहून द्या. माझी नजर आता चुकते.'

आठ दिवस काही आलं नाही. नवव्या दिवशी उत्तर आलं. "चारदा वाचलं. शब्दन् शब्द पाहिला. एकबी चूक नाही."

लेखात पाच चुका होत्या. रुपरावांनी त्या स्वतःच दुरुस्त केल्या आणि लेखाच्या शेवटी लिहिलं: लेख तपासून दिला, गोपाळराव, कन्हान.