आक्कांनी कॅमेरा गिळला तो दिवस

तलावावर लहानथोर सगळे त्यांना आक्काच म्हणत. त्या पोहायला शिकवायच्या, तेही स्वतः पाण्यात उतरून, शिकणाऱ्याचा हात धरून.

त्या वर्षी मात्र आक्का पांढऱ्याफटक पडल्या. जिना चढला की धाप लागायची. अंगातलं रक्त कमी होत होतं, पण जात कुठे होतं ते कळेना. वरून दुर्बीण घालून झाली, खालून झाली. दोन्हीकडे काही नाही.

"राहिलं मधलं लहान आतडं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यासाठी ही गोळी गिळायची. आत कॅमेरा आहे. फोटो काढत काढत खाली जाईल."

"काल रात्रीपासून उपाशी ठेवलंत आणि आता फोटो?" आक्का म्हणाल्या, "आतडं रोडावलेलं दिसेल ना!" आणि घोटभर पाण्याबरोबर त्यांनी कॅमेरा गिळून टाकला.

फोटो साठवणारं यंत्र कमरेच्या पट्ट्यात होतं. हिंडाफिरायला हरकत नव्हती, पट्टा तेवढा भिजता कामा नये. नवरा म्हणाला, घरी चल. पण घरी बसून आक्का काय करणार? त्या थेट तलावावर गेल्या आणि काठापासून लांब खुर्ची टाकून बसल्या.

त्यांचे सगळ्यात भित्रे विद्यार्थी म्हणजे घड्याळ दुरुस्त करणारे घड्याळजी. कित्येक महिने त्यांनी आक्कांचा हात सोडला नव्हता.

"तुम्ही नाही, तर मीही नाही उतरत."

"उतरा गपचूप! कमरेइतकं तर पाणी. आता पाठीवर झोपा. कान बुडू द्या. आणि तो कठडा सोडा!"

"बुडलो तर?"

"तर मी पट्ट्यासकट उडी मारीन. मग डॉक्टरीणबाईंना तोंड तुम्ही द्या."

घड्याळजींनी डोळे मिटले, कठडा सोडला, आणि पाय आपसूक वर आले.

"आक्का, तरंगतोय का हो मी?"

"मग काय उडताय?"

आक्का टाळ्या पिटत होत्या, पण मनात कुठेतरी टोचलंही. इतके दिवस आपलाच हात आडवा येत होता की काय?

फोटोंत एक बारीकशी रक्तवाहिनी झिरपताना सापडली. पुढे लांब दुर्बिणीने तिथवर पोचून डॉक्टरांनी ती बंद केली. हळूहळू आक्कांच्या गालांवर रंग चढला.

कॅमेरा आपल्या वाटेने बाहेर पडला होता. नवऱ्याने भाबडेपणाने विचारलं, "धुऊन परत आणून देऊ का?"

डॉक्टरीणबाईंनी घाईघाईने दोन्ही हात जोडले.