मेकॅनिकलच्या टेबलासमोरची ताई

तुमच्या मुलीने काय शिकायचं हे परक्या माणसाने ठरवलं, तर तुम्ही त्याचा चहा पिऊन मुकाट घरी याल का? आपल्यातले बरेचजण येतात. माझे बाबाही आले होते.

ताई कुरुळीत आमच्या शेजारच्या खोलीत एकटीच राहायची. चाकणच्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत लाइनवर, म्हणजे सुटे भाग जोडायच्या कामावर होती. कुणी काही सांगितलं की मान तिरकी करून विचारायची, "कोण म्हणतं?" भाजीवाला म्हणाला मेथी ताजी आहे, "कोण म्हणतं?" घरमालक म्हणाला उद्या पाणी येईल, "कोण म्हणतं?" तो बिचारा ती जिन्यात दिसली की परत वर जायचा.

दहावीनंतर मला मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचा होता. प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या आणि उरलेल्या जागा कॉलेज स्वतः भरत होतं. मेकॅनिकलच्या जागा रिकाम्या होत्या, माझे मार्क पुरेसे होते. तरी प्रवेशाच्या टेबलावरच्या सरांनी बाबांना चहा पाजून समजावलं, की कंपन्या मुलींना मशीनवर घेत नाहीत, पोरीला ड्रेस डिझाइनला घाला. बाबांनी जन्मभर कामगारांच्या हक्कांची पत्रकं वाटली. मी वाचायला शिकले ती त्याच पत्रकांवर. पण सरांपुढे त्यांनी मान डोलावली. "सर शिकलेले आहेत," एवढंच घरी येऊन म्हणाले.

ताईने ते भिंतीपलीकडून ऐकलं आणि लगेच दारात आली. सर कसे दिसतात, गालावर मोठा तीळ आहे का, असं विचारलं. मी हो म्हटल्यावर ती हसली, पण ते हसू गोड नव्हतं. तिनेही दहावीनंतर याच टेबलावर मेकॅनिकल मागितलं होतं आणि याच माणसाने तिच्या भावाला समजावून तिला शिवणाच्या वर्गाला पाठवलं होतं.

"उद्या फर्स्ट शिफ्ट सुटली की येते," ती म्हणाली. "उपकार मानू नको. मी माझ्यासाठी येणार हाय."

दुसऱ्या दिवशी ती कंपनीच्या कपड्यांतच आली. तिच्या कंपनीत मॅनेजरपासून लाइनवरच्या बाईपर्यंत सगळ्यांना एकच करडा शर्ट असतो. आणि असा शर्ट दिसला की आमच्याकडच्या कॉलेजांना वाटतं, पोरांना नोकऱ्या द्यायला साहेब आले. गेटवरच्या वॉचमनने सलाम ठोकला. सर उठून उभे राहिले, 'बसा मॅडम' म्हणाले, चहा मागवला. ताईने आपण कोण हे सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. तिने माझ्याकडे बोट दाखवून हिला मेकॅनिकल का नाही, एवढंच विचारलं.

"मॅडम, तुम्हाला तर माहीतच आहे. कंपन्या मुली घेत नाहीत."

"कोण म्हणतं?"

सर एकदा तिच्या शर्टाकडे बघत, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी कारकुनाला हाक मारली. प्रवेशाची पावती माझ्या हातात पडली तेव्हा कुठे ताई सावकाश बोलली.

"सर, मी लाइनवर असते. तुमीच मला शिवणाला धाडलं व्हतं. मला अजून धड काज करता येत न्हाई."

त्या वेळचा सरांचा चेहरा मी जपून ठेवला आहे.

पण सूड त्यांनाही घेता येतो. कंपनीत फोन गेला, की तुमची बाई अधिकारी बनून आली होती. ठेकेदाराने ताईला काढून टाकलं. मी रडायला लागले, तर तिने मलाच झापलं. "गप गं. काम काय, दुसरं मिळंल. तुझी जागा गेली का? न्हाई ना?"

ती रांजणगावकडे काम शोधायला गेली. खोलीत आता नवीन लग्न झालेलं जोडपं राहतं, त्यांनी दाराला तोरण लावलंय. वर्कशॉपमध्ये कानशीने घासून पहिला लोखंडी तुकडा सरळ केला, त्या दिवशी मी ताईला फोन लावला. नंबर बंद होता. तो तुकडा अजून माझ्याकडेच आहे, तिला द्यायचा राहिलाय.

ते सर अजून त्याच टेबलावर आहेत. मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. असे सर तुमच्या जवळच्या कॉलेजातही असतील. यंदा तुमच्या चाळीतली एखादी मुलगी मेकॅनिकल म्हणाली, तर तिच्याबरोबर तुम्ही जा. तिचा प्रवेश होईपर्यंत खुर्ची सोडू नका.