वाणातली कादंबरी

यंदाच्या हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं, हे चंपाने कुणालाच विचारलं नाही. सुबोधची कादंबरी छापून आली होती. घाटकोपरच्या भटवाडीत, जुन्या चाळीत, शेजारच्या खोलीत वाढलेला हा मुलगा. त्याची आई कामावर जायची, म्हणून तो चंपाच्या हातचं जेवून मोठा झाला. आता नाहूरला राहतो, कॉलेजात शिकवतो.

"प्लास्टिकचे डबे काय, कोणी पण वाटतात," ती सुनेला म्हणाली. "आपण आपल्या पोराचं पुस्तक वाटू."

"आई, आधी वाचून तरी बघा," सुलक्षणा म्हणाली.

"त्यात काय बघायचं गो? आपल्याच चाळीवर लिवलंय."

चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमधल्या बायका नटूनथटून आल्या. सहाव्या मजल्यावरची द्रौपदीही आली. चाळीत समोरासमोरच्या खोल्या होत्या दोघींच्या. पाण्याच्या रांगेपासून बाळंतपणापर्यंत सगळं एकमेकींनी निभावलेलं. द्रौपदीचं घर बौद्ध. ती कुंकू लावून घेत नसे, पण तिळगूळ घ्यायची, वाण घ्यायची आणि सगळ्यांत मोठ्याने हसायची. चंपाने सर्वांत वरची, कोरी करकरीत प्रत तिच्या हातात ठेवली.

मग एका दुपारी चंपा वालाच्या शेंगा सोलत बसली होती आणि सुलक्षणा तिला कादंबरी वाचून दाखवत होती. चाळीचा जिना आला, गच्चीवरचे पापड आले, चंपा खूश होऊन "अगदी अस्साच होता हो!" म्हणत होती. वाचता वाचता सुलक्षणा थांबली.

"काय झाला गो? वाच मगे."

"आई, ही काकी... तुम्ही नाही ना?"

तिने वाचलं. कादंबरीतल्या काकीकडे दर बुद्धपौर्णिमेला समोरच्या घरातून खिरीची वाटी येते. काकी हसून ती घेते, दार लावते आणि वाटी शेजारच्या पोराच्या हातात देते. जिन्याखाली बसून खा म्हणते, कुणाला सांगू नको म्हणते. मग वाटी घासून, तीत साखर घालून परत पाठवते. रिकामं भांडं परत करू नये, एवढा शिष्टाचार काकीला ठाऊक असतो. काकीची सासू मरते. खीर तरी जिन्याखालीच जाते.

चंपाच्या हातातली शेंग तशीच राहिली. पहिल्या वर्षी सासू दारात उभी होती, ती खीर खाऊ देईना, हे खरं. पण सासू गेल्यावर कोण होतं दारात? खोटं पचावं म्हणून ती द्रौपदीला दरवर्षी "झकास झालेली" असं सांगायची. एकदा तर, आणखी खरं वाटावं म्हणून, "यंदा साखर जरा कमी पडली गो," असंही म्हणाली होती.

तिने सुबोधला फोन लावला. "माझं घर चव्हाट्यावर मांडलंस रे!"

"काकी, ती तू नाहीस. कादंबरीतली बाई आहे ती."

"मग तिच्या हातात माझी वाटी कशी?"

"खीर मीच खात होतो ना, काकी. मला आवडायची. लिहायला बसलो, तर दुसरं काही सुचेचना आधी. पण तू वाण म्हणून वाटशील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मला विचारायचंस तरी."

दुपारच्या चहाला द्रौपदी रोज खाली यायची. त्या दिवशी ती आली तशी चंपाने विचारलं,

"कुठपर्यंत आलं पुस्तक?"

"पोरगा अजून शाळेतच आहे. हळूहळू वाचते बाई. चष्मा लावून दोन पानं, की डोळे पाणावतात. पण छान लिहिलंय हां!"

"मला दे ना परत. माझी बहीण मागतेय."

"वा गं! दिलेलं वाण परत मागतात होय?" द्रौपदी खळखळून हसली आणि चहात बिस्कीट बुडवलं.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लिफ्टमध्ये भेटली तेव्हा "गुडघा दुखतोय गं," म्हणाली आणि मजल्याचे आकडे बघत राहिली. चंपाचा नवरा काशीराम म्हणाला, "जाऊन बोल ना एकदाचं. कादंबरीच ती, कोर्टाचा निकाल नाय." चंपा उठायची, चप्पल घालायची आणि पुन्हा काढून ठेवायची. काय बोलायचं? सासूचं नाव पुढे करायचं, तर पुस्तकात तेही लिहिलेलं होतं.

बुद्धपौर्णिमेला सकाळपासून ती दाराच्या बेलकडे कान लावून होती. दुपार कलली तेव्हा तिने कपाटातली स्टीलची वाटी काढली आणि जिन्याने सहावा मजला गाठला.

दार द्रौपदीनेच उघडलं. पांढरी साडी, केसांत मोगरा. आत पाहुणे जेवत होते. वेलचीचा वास दारापर्यंत येत होता.

"खीर मागायला आले," चंपा म्हणाली. "इथेच खाते. तुझ्यासमोर."

द्रौपदीने वाटीकडे पाहिलं. बोलली ती अगदी हळू, आतल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"साखर कमी पडली म्हणाली होतीस, आठवतं? त्या वर्षापासून मी वाढवून घालत आले. आमच्याकडे कुणालाच एवढं गोड लागत नाही. हे ओरडायचे, पोरं टाकून द्यायची. मी म्हणायची, असू दे, चंपाला आवडते."

"द्रौपदी..."

"सासूचं मला माहीत होतं गं. तेव्हाचं मी धरलंच नव्हतं." तिने हात पदराला पुसले. "यंदा आमच्या चवीची केली. आमच्यापुरती."

आतून कुणीतरी हाक मारली, "आई, वाढ ना अजून!"

"आले," म्हणून ती वळली. दार तिने आपटलं नाही. नुसतं लोटून घेतलं.

चंपा वाटी पदराखाली घेऊन जिना उतरू लागली. रिकामी वाटी उघड्यावर न्यायची तिला कधी सवयच नव्हती.