कूलरखालचा सापकांदा

आमच्या नोएडाच्या सोसायटीत तळमजल्यावर एक बाई राहतात. नाव मी कधी विचारलं नाही. गळक्या कूलरखाली फुटक्या फरशा रचून त्यांनी नेचे आणि डोंगरी झाडं लावली आहेत. कुणी नमस्कार केला, तर आधी नेच्याचं पान उलटून बघतात, मग उत्तर देतात.

माझ्या मुलीनं अल्मोड्याहून मला सापकांदा, म्हणजे सापाच्या फण्यासारखं फूल येणारं डोंगरी झाड, आणून दिला होता. थंडीआधी त्याची पानं गळून गेली. मेला समजून मी कुंडी कचऱ्यापाशी ठेवली आणि मुलीला मात्र फोनवर सांगत राहिलो, "मस्त हिरवागार आहे."

उन्हाळ्यात ती यायच्या आदल्या दिवशी बाईंच्या फरशांमध्ये, माझ्याच कुंडीत, मला तो दिसला, फणा काढलेला. मुलगी उद्या येतेय असं सांगून मी लाजत परत मागितला.

"भाईसाहब, ये तो हर सर्दी में सोता है. आपने सोते हुए को घर से निकाल दिया," बाई हसल्या. "अब नहीं मिलेगा. बिटिया को यहीं ले आइए."

नेलं. तिथंच उभ्या उभ्या मुलीला सगळं खरं सांगून टाकलं.

"बाबा, ऐन जानेवारीत तू हिरवागार म्हणालास ना," ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं."