हिरड्याच्या झाडावर मंगल

मारुतीच्या देवळात पडदा म्हणून बांधलेल्या पांढऱ्या चादरीवर मंगल दिसली आणि जमलेल्या गावानं माना उंचावल्या. चित्रात ती हिरड्याच्या झाडावर, पार शेंड्याजवळ, हातात काठी घेऊन उभी होती.

खाली बायकांत बसलेल्या मंगलनं पदर तोंडावर ओढला. २००८ साल होतं. बचत गटाच्या बायकांना संस्थेच्या प्रज्ञाताईंनी जुन्नरला बोलावून शिकवलं होतं, की आपले फोटो आणि आपलाच आवाज कॉम्प्युटरवर जोडून आपली गोष्ट करायची. मंगलला वाटलं, गोष्ट जुन्नरातच राहील. ती गावात दाखवतील हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आंबेगाव तालुक्यातल्या त्या डोंगरातल्या गावात औषधाला विकला जाणारा हिरडा गड्यानं झाडावर चढून काठीनं झोडायचा आणि बाईनं खाली वेचायचा. बाई झाडावर चढली तर देव कोपतो, असं मानत. पण मंगलचा नवरा हौशीराम एकदा झाडावरून पडला, आणि पुन्हा चढायची त्याला छातीच होईना. मग उजाडता उजाडता, कुणी पाहायच्या आत, मंगलच चढायची. गाव मात्र तोच झोडतो असं समजून हौशीरामचं कौतुक करायचं.

"थांबवू का?" प्रज्ञाताईंनी हळूच विचारलं.

मंगलनं मागं गड्यांत पाहिलं. हौशीराम मान खाली घालून बसला होता. चादरीवरून तिचाच आवाज येत होता, "हिरडा मीच झोडते. वरून धरणाचं पाणी दिसतं. लई बरं वाटतं."

असं ती घरातसुद्धा कधी बोलली नव्हती. ही बाई आपणच का, असं तिला झालं.

"राहू द्या ताई," ती म्हणाली. "समदं व्हऊ द्या."

गोष्ट संपली. टाळी कुणी वाजवली नाही.

"म्हंजी इतकी वर्सं आमी ह्याला शाबासकी देत व्हतो?" शेजारची लंकाबाई पुटपुटली.

गावातले जाणते गेणभाऊ उठले. "मंगल, देवाला चाललं व्हय हे?"

मंगल पदर सावरत उभी राहिली. "त्यालाच हात जोडून चढते, भाऊ. त्यानं मला अजून पाडलं न्हाई."

"आन् फोटो कुणी काढला?"

मंगलनं नवऱ्याकडं पाहायचं टाळलं.

हौशीराम उठून पुढं आला. "म्या," तो म्हणाला. "लांबून काढला, म्हून ती बारीक दिसतीया."

गेणभाऊ चपला शोधत बाहेर गेले. हौशीरामच्या शेजारी मंगल अजून उभीच होती.